अणुवीज की सौरवीज? आधी वेळ सांगा

राजापूर तालुक्यातल्या एका शिक्षकांचा प्रश्न आहे. ते विचारतात, सौरवीज अडीच रुपये युनिटने मिळते असं वाचतो, मग जैतापूरला अणुऊर्जा प्रकल्प हवाच कशाला? आणि दुसऱ्या बाजूने, कोकणात चार महिने सूर्य दिसत नाही, तर इथे सोलरचा उपयोग तरी काय? दोन्हींची तुलना करा, आणि माझ्या घरावर पॅनल बसवू की प्रकल्प होईपर्यंत थांबू, तेवढं सांगा.

माझी नोकरी वीज क्षेत्रात झाली, त्यातली बरीच ग्रिड, म्हणजे वीजवाहिन्यांचं जाळं, चालवण्याच्या बाजूला. आता रत्नागिरी-राजापूर पट्ट्यात छतावरच्या सौर यंत्रणांची कामं बघतो. दोन्हींपैकी कुणाचाही मी भक्त नाही, पण मत आहे आणि ते लपवणार नाही.

आधी त्या अडीच रुपयांबद्दल. तो आकडा खोटा नाही. राजस्थान-गुजरातेत मोठ्या सौर प्रकल्पांच्या निविदांमध्ये साधारण तेवढा दर निघतो. पण ती वीज सूर्य असेल तेव्हा, सूर्य देईल तेवढी, अशा अटीवरची आहे. ग्रिडवर वीज साठून राहत नाही. ज्या क्षणी जेवढी वापरली जाते, त्या क्षणी तेवढीच तयार व्हावी लागते, नाहीतर पन्नास हर्ट्झची वारंवारिता ढळायला लागते. त्यामुळे दुपारी बाराचं युनिट आणि रात्री आठचं युनिट हा एकच माल नव्हे. जानेवारीत वाशीला गेलेली पहिली पेटी आणि मेअखेर कॅनिंगला किलोवर जाणारा आंबा, दोन्ही हापूसच; भाव मात्र एक नसतो. सौरवीज स्वस्त आहे ती दुपारची. बॅटरी जोडून तीच संध्याकाळी द्यायची म्हटली की दर वाढतो. बॅटऱ्या स्वस्त होत चालल्यात, त्यामुळे ही वाढ पूर्वीइतकी राहिलेली नाही, हेही खरं. पण दुपारची वीज रात्रीवर नेणं वेगळं आणि मे महिन्यातली जुलैत नेणं वेगळं. दुसरं काम बॅटरी करत नाही.

म्हणून ‘अणू की सौर’ असं कुणी विचारलं की माझा उलटा प्रश्न असतो: कुठल्या वेळची, कुठल्या महिन्यातली वीज म्हणताय?

आता मेगावॅटचा घोळ. जैतापूरचा आराखडा १६५० मेगावॅटच्या सहा अणुभट्ट्यांचा, म्हणजे ९९०० मेगावॅटचा. ‘एवढे मेगावॅट सोलर लावून टाका’ असं सहज म्हटलं जातं. पण अणुभट्टी वर्षभरात क्षमतेच्या ८० टक्क्यांच्या आसपास वीज देते आणि सौर प्रकल्प १८-२० टक्के, कारण रात्र आहे, ढग आहेत, सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन आहे. हिशोब करून बघा. ९९०० मेगावॅट, वर्षाचे ८७६० तास, त्याचे ८० टक्के, म्हणजे सुमारे ६९०० कोटी युनिट. एक मेगावॅट सोलर वर्षाला साधारण १६ लाख युनिट देतं. भागाकार केला की ४३ हजार मेगावॅट होतात. जमिनीवर मेगावॅटला चार-पाच एकर धरले तर पावणेदोन ते सव्वादोन लाख एकर, म्हणजे सातशे ते पावणेनऊशे चौरस किलोमीटर. रत्नागिरी जिल्ह्याचं क्षेत्रफळ ८२०८ चौरस किलोमीटर आहे. म्हणजे जिल्ह्याचा दहावा-बारावा हिस्सा पॅनलखाली. माडबन परिसरात प्रकल्पासाठी घेतलेली जमीन साधारण ९३८ हेक्टर, म्हणजे साडेनऊ चौरस किलोमीटरही नाही.

हा हिशोब अणुवीजवाल्यांना फार आवडतो. त्यातली मेख अशी की ते ४३ हजार मेगावॅट एकाच जिल्ह्यात लावायला कुणी सांगितलेलं नाही. छतं आहेत, मराठवाड्यातलं माळरान आहे, राजस्थान आहे. आणि ज्याला बाहेरचा माणूस ‘मोकळा सडा’, म्हणजे रिकामं कातळाचं पठार, म्हणतो तो आपल्यासाठी मोकळा नसतो. गुरं तिथेच चरतात, पावसात त्याच कातळावर तळी साचतात, रानफुलं येतात, आणि बारसू, देवाचे गोठणे इथली कातळशिल्पं त्याच सड्यांवर आहेत. तेव्हा जमिनीवरच्या मोठ्या सौर प्रकल्पासाठी कोकण ही जागाच नव्हे असं माझं मत आहे. पडीक कातळ बघून प्रकल्प आखणाऱ्यांनी एकदा श्रावणात येऊन जावं.

पावसाकडे येऊ, कारण प्रश्नाचा खरा जीव तिथे आहे. आमच्या भागात एक किलोवॅट पॅनल फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये दिवसाला साडेचार-पाच युनिट देतं. जुलैत तेच सरासरी दोन-अडीचवर येतं, आणि संततधार लागली की एखाद्या दिवशी एकसुद्धा देत नाही. वर्षाची सरासरी चारच्या आसपास बसते. ‘पावसात सोलर बंद’ हे खरं नाही, निम्म्यावर येतं. मे महिन्यात ऊन सगळ्यात कडक म्हणून वीज सगळ्यात जास्त, हाही गैरसमज. पॅनल तापलं की त्याची क्षमता घटते. भर दुपारी पॅनलच्या आतलं तापमान साठ अंशांवर जातं आणि दहा-बारा टक्के वीज तिथेच जाते. निरभ्र आकाशाचा, थोडा गार असा फेब्रुवारी उत्तम.

मग जुलैतल्या रात्री महाराष्ट्राला वीज कोण देतं? मुख्यतः कोळसा. आमच्या किनाऱ्यावर जयगडचं १२०० मेगावॅटचं केंद्र तेच करतं. पण याच महिन्यांत आणखी दोन गोष्टी घडतात ज्या या वादात कुणी बोलत नाही. सातारा-सांगलीच्या पठारांवरच्या पवनचक्क्या पावसाळ्यातच सगळ्यात जोरात फिरतात, आणि कोयनेचं धरण तेव्हाच भरत असतं. सूर्य ढगाआड जातो तेव्हा वारा आणि पाणी येतं. सह्याद्रीने आपल्याला दिलेली ही जोडी सोन्यासारखी आहे. कोयनेची वीजनिर्मिती क्षमता १९६० मेगावॅट आहे, आणि पोफळीच्या बाजूला उतरणारं तिचं पाणी चिपळूणला वाशिष्ठीत येतं. जलविद्युत संच काही मिनिटांत वर-खाली करता येतो. ५ एप्रिल २०२० ला रात्री नऊला देशाने नऊ मिनिटं दिवे मालवले, तेव्हा मागणी काही मिनिटांत सुमारे ३१ हजार मेगावॅटने कोसळली आणि पुन्हा चढली. ग्रिड कोलमडलं नाही, त्याचं मोठं श्रेय जलविद्युत केंद्रांना. नियंत्रण कक्षात बसलेल्यांनाच त्या नऊ मिनिटांची किंमत कळते.

अणुभट्टी असं करत नाही. फ्रान्समध्ये त्या मागणीप्रमाणे कमी-जास्त चालवतात, पण आपल्याकडे त्या एका पातळीवर सलग चालतात आणि त्यातच त्यांचा फायदा आहे. खर्च जवळपास सगळा उभारणीचा, इंधनाचा थोडाच. मग कमी चालवून वाचत काही नाही.

म्हणजे कोयना असताना अणुवीज नको, असं? तिथे घाई करू नका. कोयनेचं पाणी पश्चिमेला वळवण्यावर कृष्णा पाणीवाटप लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा घातलेली आहे. यंत्रं हजारो मेगावॅटची असली तरी पाणी मोजकंच, ते संध्याकाळच्या दोन-चार तासांसाठी जपून वापरायचं. उदंचन प्रकल्प, म्हणजे दुपारी स्वस्त विजेवर पाणी वर चढवायचं आणि रात्री खाली सोडायचं, हा पुढचा मार्ग आहे. घाटघरला २५० मेगावॅटचा आहे, भिऱ्यालाही एक संच आहे. सह्याद्रीच्या कड्यावर अशा जागा आणखी आहेत. पण त्याही तासांचा प्रश्न सोडवतात, आठवड्यांचा नाही. ढगाळ, वारा पडलेला आठवडा निघाला की मागे काहीतरी सलग चालणारं लागतंच. ते कोळसा असेल किंवा अणू. कर्बाच्या हिशोबात या दोघांत तुलनाच नाही. हवामान बदलावरच्या संयुक्त राष्ट्रांच्या आयपीसीसी या गटाच्या २०१४ च्या अहवालात खाणीपासून विल्हेवाटीपर्यंतचा मधला आकडा कोळशाला युनिटमागे ८२० ग्रॅम, छतावरच्या सौरला ४१ आणि अणूला १२ असा आहे.

सलग म्हणजे किती? कारवारजवळच्या कैगा केंद्राचा पहिला संच मे २०१६ पासून डिसेंबर २०१८ पर्यंत ९६२ दिवस न थांबता चालला. तो त्यावेळी जागतिक विक्रम होता. आपल्याच सह्याद्रीच्या पट्ट्यात, आपल्याच पावसात, २२० मेगावॅटचा देशी बनावटीचा संच. अणुवीजेची बाजू मला एका वाक्यात मांडायला सांगितली तर मी हेच उदाहरण देईन.

आता भीतीबद्दल. साखरी नाट्यापासून माडबनपर्यंत लोकांनी जो विरोध केला, त्याला अडाणीपणा म्हणणाऱ्यांशी माझं कधी पटलं नाही. एप्रिल २०११ मध्ये तिथे गोळीबारात एक जीव गेला. त्याच्या महिनाभर आधी फुकुशिमा घडलं होतं. प्रश्न विचारणं स्वाभाविक होतं. फक्त प्रश्न नेमका हवा.

अणुभट्टी बॉम्बसारखी फुटत नाही. तिची खरी अडचण वेगळी आहे: ती बंद केली तरी पूर्ण बंद होत नाही. विखंडन, म्हणजे अणू फुटण्याची क्रिया, थांबवायला सेकंद पुरतात, पण तयार झालेली किरणोत्सारी मूलद्रव्यं उष्णता देतच राहतात. बंद केल्याच्या क्षणी ही उष्णता पूर्ण औष्णिक क्षमतेच्या, म्हणजे भट्टी पूर्ण चालताना जेवढी उष्णता देते तिच्या, सहा-सात टक्के असते. जैतापूरच्या एका भट्टीची औष्णिक क्षमता साडेचार हजार मेगावॅटच्या आसपास, म्हणजे बटण दाबल्यावरही तीनशे मेगावॅट उष्णता शिल्लक. तासाभरात ती दीड टक्क्यावर येते, दिवसात एक टक्क्याच्या खाली, पण तोवर आणि नंतरही पाणी फिरत राहायलाच हवं. पाणी फिरवायला पंप, पंपाला वीज. फुकुशिमाला भूकंपानंतर भट्ट्या नीट बंद झाल्या होत्या. त्सुनामीने डिझेल जनरेटर बुडवले, पंप थांबले, गाभा वितळला. म्हणून कुठल्याही केंद्राबद्दल विचारायचा पहिला प्रश्न हा: ग्रिड गेलं, रस्ते गेले, तर थंड करण्याचं पाणी किती दिवस आणि कशाच्या जोरावर फिरणार?

माडबनचा सडा समुद्रापासून बराच उंच आहे, फुकुशिमासारखा पाण्यालगत नाही. ही मोठी जमेची बाजू. अरबी समुद्रात त्सुनामी येतच नाही असं मात्र कुणी सांगितलं तर मानू नका. नोव्हेंबर १९४५ मध्ये मकरान किनाऱ्यावरच्या भूकंपाची लाट मुंबईपर्यंत आली होती. आणि ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप आमच्या पिढीला कुणी शिकवायला नको.

‘आंबा किरणोत्सारी होईल का’ हा प्रश्न मात्र बाजूला ठेवता येईल. सुरळीत चालणाऱ्या केंद्राबाहेर पडणारा किरणोत्सार निसर्गतः सगळीकडे असतो त्याच्या तुलनेत नगण्य असतो. तारापूर १९६९ पासून आहे. त्याच किनाऱ्यावर उत्तरेला घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. माशांचं तसं नाही. औष्णिक केंद्र कुठलंही असो, तयार उष्णतेचा एक-तृतीयांशाच्या जरा वरचा भाग वीज होतो, बाकीची टाकावी लागते. सहाही भट्ट्या चालल्या तर सतरा हजार मेगावॅटच्या आसपास उष्णता समुद्रात जाणार. खाडीच्या तोंडाशी, प्रजननाच्या जागी पाणी काही अंश तापलं तर मासळी कुठे सरकते, हा मच्छिमारांचा प्रश्न पूर्णपणे शास्त्रीय आहे, आणि त्याचं उत्तर त्यांना समजेल अशा भाषेत द्यायला हवं होतं.

कचऱ्याचं थोडक्यात. अणुकचरा आकारमानाने थोडा, जबाबदारीने प्रचंड. आपल्याकडे इंधनावर पुनर्प्रक्रिया होते, उरलेलं काचेत बंदिस्त करून ठेवतात, पण कायमचं खोल भूगर्भातलं ठिकाण अजून तयार नाही. सौर पॅनलचा कचरा विषारी कमी, पण ढिगाने येणार. काच आणि अ‍ॅल्युमिनियम भंगारवाला नेईल. बाकीच्याची व्यवस्था उभी राहायची आहे.

माझं खरं अडतं ते पैसा आणि वेळ या मुद्द्यावर. जैतापूरला ज्या जातीची भट्टी योजली आहे, ती फ्रान्समध्ये फ्लामानव्हिल इथे २००७ मध्ये बांधायला घेतली. अंदाज ३.३ अब्ज युरोचा होता. ग्रिडला जोडली गेली डिसेंबर २०२४ मध्ये, आणि कंपनीच्याच आकड्याने खर्च १३.२ अब्जांवर गेला. फिनलंडची २००५ ला सुरू केलेली २०२३ ला नियमित वीज देऊ लागली. चीनमध्ये लवकर झाली, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. आपले देशी ७०० मेगावॅटचे संच, काक्रापारचा तिसरा आणि चौथा, २०१० च्या सुमारास सुरू होऊन २०२३ आणि २०२४ मध्ये व्यापारी उत्पादनात आले. तेही झटपट नव्हे, पण तंत्र आपलं, सुटे भाग आपले, युरेनियम समृद्ध करण्याची गरज नाही. मला निवडायला सांगितलं तर मी देशी संच घेईन, एकाच जागी सहा अजस्र आयात भट्ट्या घेणार नाही. कोकणाने गुहागरला एकदा महागड्या वीज कराराचं प्रकरण पाहिलं आहे. एन्रॉनच्या त्या प्रकल्पात वीज तयार होत होती. बुडवलं ते युनिटच्या दराने. तेव्हा जैतापूरचा करार कुणी पुढे ठेवला तर आधी सुरक्षेचं पान वाचा, आणि लगेच दराचं.

राहिला तुमच्या घराचा प्रश्न. थांबू नका. प्रकल्पाचं काम उद्या सुरू झालं तरी पहिलं युनिट यायला दशक सहज जाईल, आणि आलं तरी ते ग्रिडमध्ये जाणार, तुमच्या बिलावर वेगळी सूट येणार नाही. तीन किलोवॅटची यंत्रणा साधारण दीड-दोन लाखांत होते. पीएम सूर्यघर योजनेत एक किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० हजार आणि तीन किंवा जास्त किलोवॅटला ७८ हजार अनुदान आहे. वापर चांगला असेल तर पैसे पाच-सहा वर्षांत वसूल होतात. म्हातारे आईवडील दोन पंखे आणि एक टीव्ही वापरतात, आणि घर भरतं ते गणपतीत आणि मे महिन्यात, असं असेल तर तीन किलोवॅट कशाला? एक पुरे. गेल्या वर्षाची बारा बिलं समोर ठेवून ठरवा, विक्रेत्याच्या तक्त्यावरून नव्हे.

नेट मीटरचा, म्हणजे तुम्ही ग्रिडला दिलेली वीज बिलातून वजा करणाऱ्या मीटरचा, हिशोब आर्थिक वर्षाचा असतो, आणि तो कोकणाला जरा अडचणीचा पडतो. एप्रिल-मेची जादा युनिटं पावसाळ्यात वळती होतात, हे छान. पण ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत साठलेली शिल्लक ३१ मार्चला निकालात निघते आणि तिचे पैसे कमी दराने मिळतात. पुढच्या जुलैला ती उपयोगी पडत नाही. म्हणून गरजेपेक्षा मोठी यंत्रणा बसवण्यात इथे फायदा नाही.

बहुतेकांना बसवल्यावर कळणारी गोष्ट आधीच सांगतो: साधी ग्रिडला जोडलेली यंत्रणा लाईट गेल्यावर बंद पडते. भर उन्हातसुद्धा. खांबावर चढलेल्या वायरमनला तुमच्या छतावरून शॉक बसू नये म्हणून इन्व्हर्टर स्वतःहून तुटतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने श्रीवर्धन-दापोलीकडचे खांब आडवे केले, कित्येक वाड्या आठवडेच्या आठवडे अंधारात होत्या. तिथे बॅटरी नसलेल्या सोलरवाल्यांची अवस्था शेजाऱ्यांसारखीच होती. लाईट जाण्याचा त्रास हे तुमचं कारण असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि लिथियम बॅटरीच घ्या, खर्च वाढेल.

कौलारू छपरावर चढवायच्या भानगडीत पडू नका. कौलं फुटतात, वासे दर पावसात हलतात आणि गळती कायमची मागे लागते. स्लॅब, पत्र्याचा मांडव किंवा खळ्याच्या कडेला स्वतंत्र चौकट चालेल. लोखंड गरम जस्तलेपाचं हवं, आणि समुद्र जवळ असेल तर नट-बोल्ट ३१६ प्रतीच्या स्टेनलेसचे. स्वस्तातले दोन पावसाळ्यांत गंजून धरतात आणि पॅनल काढायची वेळ आली की कापावे लागतात. माडाची सावली बघा: दुपारी एका पॅनलवर झावळीची रेघ पडली तरी ओळीतल्या बाकी पॅनलांची वीज खाली येऊ शकते. पावसानंतर चौकटीच्या खालच्या कडेला शेवाळ धरतं, ते मऊ फडक्याने काढा.

आणि अर्थिंग. जांभ्याच्या कातळात खड्डा मारून कांडी पुरली की झालं, असं कंत्राटदार सांगतो. कातळ कोरडा पडला की त्याचा रोध प्रचंड वाढतो, आणि आपल्याकडे विजा कडाडतात त्या मृगाच्या आधी, म्हणजे कातळ सर्वांत सुका असताना. खड्डा विहिरीच्या किंवा सांडपाण्याच्या बाजूला, मातीचा थर असेल तिथे घ्यायला लावा, तार लांब गेली तरी चालेल. काम झाल्यावर मीटर लावून रोध किती ओहम येतो ते तुमच्यासमोर मोजून घ्या, आणि तेही मे महिन्यात. अर्ज दिवाळीनंतर लगेच टाका, म्हणजे मंजुरी, मीटर आणि चौकट सगळं आगोटीच्या, म्हणजे पाऊस सुरू होण्याच्या, आत उरकेल.